दापोलीचं पाणी पुण्यातल्या टाकीत चालेल का?

प्रश्न : गोड्या पाण्यातल्या माशांची टाकी आमच्याकडे बरीच वर्षं आहे. आता खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी करावी असं मनात आहे. दुकानदार सांगतात, मिठाची खास पिशवी घ्या, आरओचं पाणी घ्या आणि महिना-दीड महिना एकही मासा सोडू नका. माझे मेहुणे महिन्यातून एकदा दापोलीला जातात. त्यांच्या गाडीतून समुद्राचंच पाणी कॅन भरून आणलं तर? खरा समुद्र हाताशी असताना पिशवीतला कशाला? आणि पिशवीच लागत असेल, तर घरातलं जाडं मीठ विरघळवून का चालत नाही? सुरुवात फूटभर लांबीच्या टाकीनं करावी म्हणतो, म्हणजे चुकलं तरी नुकसान कमी.
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : समुद्रापासून लांब राहून तो घरात ठेवायची ओढ १८४६ साली लंडनच्या अ‍ॅना थिन या बाईंनाही लागली होती. टॉर्कीच्या किनाऱ्यावर त्यांना दगडी प्रवाळ सापडले. ते त्यांनी समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या बरणीत घालून लंडनला नेले आणि पाणीही किनाऱ्यावरून मागवायला सुरुवात केली. पाणी थोडं आणि वाट लांबची, म्हणून तेच पाणी पुन्हा वापरता यावं यासाठी त्यांची लहान मोलकरीण उघड्या खिडकीपाशी अर्धा-पाऊण तास ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राही. पाण्यात हवा मिसळायचा एवढाच उपाय तेव्हा हाताशी होता. पुढे थिनबाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ ठेवून पाहिलं आणि त्यांचे प्रवाळ काही वर्षं जगले. तेव्हा किनाऱ्यावरचं पाणी शहरात आणून त्यात प्रवाळ जगवता येतात, हे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच दिसून आलं आहे. प्रश्न उरतो तो पाणी कुठलं आणि आणता कसं, याचा.

दापोलीचा किनारा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला बाणकोटच्या खाडीतून सावित्री समुद्राला मिळते, दक्षिणेला दाभोळच्या खाडीतून वाशिष्ठी. मध्ये हर्णैचं बंदर, तिथे मासळीचा लिलाव आणि होड्यांची वर्दळ. जून ते सप्टेंबर या नद्या सह्याद्रीचं पाणी आणि लाल माती घेऊन समुद्रात उतरतात. तेव्हा किनाऱ्यालगतचा खारेपणा खूप खाली जातो आणि पाणी गढूळ होतं. बंदराजवळ त्यात डिझेलचा तवंग आणि मासळीची घाण मिसळते. प्रवाळ ज्या पाण्यात वाढतात त्याचा खारेपणा दर लिटरला साधारण ३५ ग्रॅम असतो आणि तो वर्षभर फारसा हलत नाही. आपल्या किनाऱ्याचं पाणी महिन्यागणिक बदलतं. ते त्या जागी ठीकच आहे, कारण तिथले जीव त्या बदलाला सरावलेले असतात. टाकीतल्या जिवांना तो बदल सोसत नाही.

दुसरी अडचण वाटेतली आहे. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. बंद कॅनमध्ये, गाडीच्या डिकीत, ताम्हिणीच्या वळणांवर ते मरू लागतात, कुजतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि अमोनिया तयार होतो. किनाऱ्यापासून आत समुद्रात जाऊन, उन्हाळ्याच्या आधी, भरतीच्या वेळी पाणी घेतलं, बारीक गाळणीतून गाळलं, अंधारात काही आठवडे हवेचा पंप लावून ठेवलं आणि तपासूनच वापरलं, तर ते चालू शकतं. पण मी आपल्याला तसं सुचवणार नाही. पुढे सांगतो ती तीन फुटांची, १९० लिटरची टाकी पहिल्यांदा भरायलाच वीस लिटरचे नऊ-दहा कॅन लागतात. त्यानंतर दर पंधरवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलायचं म्हणजे आणखी एक-दीड कॅन. मेहुणे कितीही प्रेमळ असले, तरी पावसाळ्याचे चार महिने ही वाट बंदच.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला समुद्र समोरच होता. जकार्तात ली चिन एंग यांनी जीवांची वस्ती असलेले ‘जिवंत’ खडक, समुद्राचं पाणी आणि हवेची एक बारीक नळी एवढ्यावर टाक्या चालवल्या आणि १९६१ साली त्याबद्दल लिहिलं, तेव्हा युरोप-अमेरिकेतले हौशी चकित झाले. पण त्यांना स्वच्छ पाणी आणि खडक जवळच मिळत होते. जिथे समुद्र दाराशी आहे तिथे त्याचं पाणी वापरणं शहाणपणाचं आहे. पुण्यात पिशवीच बरी.

आता जाड्या मिठाबद्दल, कारण या प्रश्नात खरी गंमत आहे. मिठागरात समुद्राचं पाणी आटत जातं तेव्हा त्यातले क्षार एकदम खाली बसत नाहीत, क्रमाने बसतात. आधी चुनखडी, मग जिप्सम, आणि पाणी मूळच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आलं की आपलं खायचं मीठ. मॅग्नेशियमचे क्षार मात्र शेवटपर्यंत पाण्यातच राहतात आणि ते कडू पाणी मीठ ओढून घेतल्यावर सोडून दिलं जातं. म्हणजे मिठाचा जो खडा आपण घरी आणतो, त्यातून कॅल्शियमचा बराच भाग आणि मॅग्नेशियम जवळजवळ सगळं आधीच गेलेलं असतं. समुद्रातल्या क्षारांत सुमारे ५५ टक्के क्लोराइड आणि ३० टक्के सोडियम असतं. उरलेल्या भागात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि थोडा बायकार्बोनेट. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम आणि कार्बोनेटचा बनतो, मॅग्नेशियममुळे ती दोन्ही पाण्यात विरघळलेली राहतात. ज्या थोड्याशा भागावर प्रवाळ घर बांधतो, नेमका तोच जाड्या मिठात नसतो. खारटपणा जुळला तरी समुद्र जुळत नाही.

पिशवीतलं मीठ याच प्रमाणात मिसळलेलं असतं. १९० लिटरला साधारण सात किलो लागतं. बादलीत किंवा ड्रममध्ये आधी पाणी घ्या, त्यात मीठ घाला, लहान पंप लावून दिवसभर फिरू द्या, मग खारेपणा मोजा. उलट केलंत, म्हणजे मिठावर पाणी ओतलंत, तर तळाशी कॅल्शियमचा साका धरतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५च्या प्रमाणित द्रावणानं जुळवा. शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ला चुकीचा आकडा दाखवू शकतो. जीव असलेल्या टाकीत कोरडं मीठ कधीही टाकायचं नाही.

आरओबद्दल दुकानदार खरं बोलत आहेत, पण अर्धंच. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्रात चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं, किंवा खनिजांचं काडतूस असतं. पिण्याला ते चांगलं, टाकीला नाही. नळाच्या पाण्यातला क्लोरीन, फॉस्फेट, सिलिकेट आणि जुन्या नळांतून येणारं तांबं, यांपैकी तांब्याला मी सगळ्यांत जास्त घाबरतो. माशाला जे जाणवतही नाही, तेवढ्या तांब्यानं कोळंबी आणि गोगलगाय मरते. म्हणून आरओनंतर उरलेले क्षार काढणारं डीआयचं काडतूस लावून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्यावर आणलेलं पाणीच घ्या. बोअरचं पाणी तर अजिबात नको.

लहान टाकीनं सुरुवात करण्याचा आपला विचार मात्र मला बदलावासा वाटतो. फूटभर लांब, रुंद आणि उंच टाकीत अठ्ठावीस लिटर पाणी मावतं. एप्रिलच्या दिवसात त्यातलं एक लिटर उडून गेलं, की मीठ तेवढंच राहतं आणि खारेपणा ३५वरून ३६.३वर जातो. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीतून तेवढंच पाणी गेलं तर आकडा ३५.२ होतो. तापमानाचं तसंच, मेलेल्या माशाचंही तसंच. लहान टाकी चुकीला जागाच ठेवत नाही, म्हणून ती अनुभवी माणसानं करायची. एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा : पाणी उडतं, मीठ उडत नाही, तेव्हा कमी झालेलं पाणी भरायचं ते बिनमिठाचं.

तीन फुटांची टाकी पाणी, वाळू, खडक आणि स्टँड धरून तीनशे किलोच्या आसपास जाते, आणि तीही जेमतेम साडेचार चौरस फुटांच्या जागेवर. घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलोच्या हिशेबानं बांधलेला असतो. वजन आजूबाजूला विभागलं जातं हे खरं, तरी टाकी तुळईजवळ, भिंतीला लागून ठेवावी. इमारत जुनी असेल किंवा टाकी याहून मोठी करायची असेल, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाणी भरू नये. आणि दुपारच्या उन्हामुळे पश्चिमेच्या खिडकीसमोर तर मुळीच नको.

यंत्रांबद्दल थोडक्यात. टाकीखालच्या कपाटात सम्प, म्हणजे दुसरी टाकी. त्यात प्रोटीन स्किमर, तो बारीक बुडबुड्यांना घाण चिकटवून पाण्याबाहेर काढतो. पाणी वर चढवणारा पंप. टाकीत वेव्हमेकर, कारण खडकाच्या मागे पाणी साचून राहिलं की तिथे घाण साचते. चांगली एलईडी. पुण्याच्या थंडीसाठी हीटर. तापमान २४ ते २७ अंशांच्या मध्ये राहायला हवं आणि आपल्याकडे खरा प्रश्न उन्हाळ्याचा आहे. पंख्यानं पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घातला तर पुण्याच्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरतात. मुंबईच्या दमट हवेत तेवढे उतरत नाहीत, तिथे चिलर लागतो. सगळ्या खर्चात चिलर आणि त्याचं वीजबिल हा मोठा आकडा आहे. तो परवडत नसेल तर टाकी यंदा करू नका, असंच मी म्हणेन.

आता महिना-दीड महिना मासा का सोडायचा नाही, ते. माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट थोडं असेल तर त्रास देत नाही आणि पाणी बदलून ते काढता येतं. हे जीवाणू नव्या खडकांवर, वाळूवर हळूहळू वस्ती करतात. दुधाला विरजण लावल्यासारखंच हे : थोडं जुन्यातलं घालायचं आणि हलवाहलव न करता वेळ द्यायचा. विरजण म्हणून बाटलीतले जीवाणू मिळतात. त्यांना खायला म्हणून शुद्ध अमोनिया लिटरला दोन मिलिग्रॅमपर्यंत घालतात आणि रोज टेस्ट किटनं मोजतात. एकदा घातलेला अमोनिया आणि त्यातून आलेलं नायट्राइट, दोन्ही चोवीस तासांत शून्यावर यायला लागले की टाकी तयार. बहुतेकदा चार ते सहा आठवडे लागतात. जिवंत मासा सोडून हे काम करून घ्यायची जुनी रीत आहे, ती क्रूर आहे आणि तिची गरजही उरलेली नाही.

टाकी तयार झाल्यावर ती सुंदर दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आधी वाळूवर तपकिरी थर येतो, मग हिरवं केसाळ शेवाळ, कधी लालसर चिकट पडदा. काही महिने हे चालतं. या काळात बरेच जण घाबरून रसायनं ओततात आणि बसत आलेली घडी मोडतात. दिवे कमी तास लावा, माशांचं अन्न कमी करा, गोगलगायी सोडा, पाणी बदलत राहा आणि थांबा. पहिलं वर्षभर टाकी फक्त पाण्याची आहे असं समजलात, तर पुढची दहा वर्षं ती आपली आहे.

आणि आता प्रवाळ. आपल्या पत्रातली खरी इच्छा तीच आहे आणि तिथेच मला आपल्याला थांबवावं लागतंय. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्या यादीत, २००१ साली सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे घातले गेले. मालवणहून, लक्षद्वीपहून, मन्नारच्या आखातातून आणलेला प्रवाळाचा तुकडा घरी ठेवणं हा गुन्हा आहे. तो मेलेला सांगाडा असला, दिवाणखान्यात शोभेला ठेवलेला असला, तरीही. दुकानात ‘लाइव्ह रॉक’ म्हणून जे विकलं जातं, ते कित्येकदा प्रवाळाचा मोडलेला सांगाडाच असतं. समुद्रघोडेही याच कायद्याखाली येतात. परदेशातून येणारे दगडी प्रवाळ ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर अशा यादीतला जिवंत प्राणी बाळगायचा तर त्याची नोंदणी करावी लागते. विक्रेता कागद दाखवू शकत नसेल, तर पाठ फिरवा. शंका असेल तर वनखात्याला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

कायदा एवढा कडक का, हे समजून घेण्यासारखं आहे. दगडी प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला त्यातला मोठा वाटा देतं. समुद्राचं पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखाद-दोन अंशांनी काही आठवडे वर राहिलं, की हे नातं तुटतं, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरा पडतो. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ला जगभर हे घडलं. जे वाचले आहेत त्यांतली एकही फांदी हौसेसाठी मोडायची नाही, असं मला मनापासून वाटतं. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात हाजीअली आणि वरळीजवळ प्रवाळवसाहती आढळल्या, तेव्हा २०२० साली त्या दुसरीकडे हलवण्यासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागली आणि काम राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांकडे सोपवलं गेलं. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला जे बंधन, ते आपल्या दिवाणखान्याला असणारच.

न्यू जर्सीत किंवा बर्लिनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांचं चित्र वेगळं आहे. तिथे टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचे कापलेले तुकडे, फ्रॅग म्हणतात त्यांना, हौशी माणसं एकमेकांना देतात. बर्लिनच्या डीट्रिश श्ट्यूबर यांच्या टाकीतल्या अ‍ॅक्रोपोरा या दगडी प्रवाळाच्या फांद्या अशाच हातोहात अनेक टाक्यांत पोचल्या. स्किमर, खडक आणि कॅल्शियम यांवर भर देणाऱ्या पद्धतीला बर्लिन पद्धत म्हणतात ती बर्लिनच्या या हौशी मंडळींमुळेच. पण पाण्याचा क्रम तिथेही वर लिहिला तोच आहे.

मग पुण्यातल्या टाकीत ठेवायचं काय? पुष्कळ काही. सिरॅमिकचे किंवा कारखान्यात बनवलेले चुनखडीचे सच्छिद्र खडक घ्या. जांभा टाकू नका, त्यात लोह भरलेलं असतं आणि लोहावर शेवाळ माजतं. अ‍ॅरागोनाइटची वाळू, कॉलर्पासारखी समुद्री वनस्पती, स्वच्छता करणारी कोळंबी, गोगलगायी, संन्यासी खेकडे, एखादी गोबी आणि क्लाउनफिशची जोडी. एकही प्रवाळ नसताना ही टाकी तासन्‌तास बघत बसावं अशी होते. आणि खरा प्रवाळ बघायचाच असेल, तर मेहुण्यांच्या गाडीत आपणच बसा, दापोलीच्या पुढे मालवणपर्यंत जा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्राचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पावसाळा सोडून, पाणी निवळ असेल तेव्हा, तोंडावर मुखवटा लावून वरून बघा, पाय खडकावर न टेकवता. कच्छच्या आखातात नरारा इथे तर ओहोटीला चालत प्रवाळांपर्यंत जाता येतं.

प्रश्न : ‘फाइंडिंग निमो’ बघून माझा सात वर्षांचा नातू क्लाउनफिश मागतो आहे. त्याला अ‍ॅनिमोन लागतोच का? आणि नर-मादी कसे ओळखायचे?
— एक आजी, डोंबिवली

उत्तर : अ‍ॅनिमोन लागत नाही. समुद्रात तो क्लाउनफिशला शत्रूंपासून वाचवतो. टाकीत शत्रूच नसतो, म्हणून मासा एखाद्या खडकाच्या खाचेत किंवा वेव्हमेकरच्या बाजूला आपली जागा धरतो आणि खूश राहतो. उलट अ‍ॅनिमोनला भरपूर प्रकाश आणि जुनं, स्थिर झालेलं पाणी लागतं. नव्या टाकीत तो मरतो आणि मरताना सगळं पाणी खराब करतो.

नर-मादीचं उत्तर नातवाला फार आवडेल. सगळे क्लाउनफिश नर म्हणूनच मोठे होतात. गटातला सर्वांत मोठा, जोरकस मासा मादी बनतो. ती मेली तर तिच्या जोडीदाराची मादी होते आणि खालचा मासा नराची जागा घेतो. म्हणून दुकानातून दोन लहान मासे, एक थोडा मोठा आणि एक थोडा बारका, असे घ्यायचे. जोडी तेच ठरवतात.

घेताना एक प्रश्न जरूर विचारा : हा मासा हॅचरीत जन्मलेला आहे का? २००३च्या त्या चित्रपटानंतर क्लाउनफिश घराघरांत हवा झाला. समुद्रातून पकडताना काही देशांत सायनाइडसुद्धा वापरलं गेलं आहे. पण आज हा मासा टाकीतच वाढवता येतो. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याच्या प्रजननाचं तंत्र विकसित केलं आहे आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनफिशची हॅचरी आहे. डोंबिवलीहून ऐरोली जवळ. नातवाला एकदा ते केंद्र दाखवून आणा, तिथे खाडीतले रोहित पक्षीही दिसतील. हॅचरीतला मासा टाकीच्या पाण्याला आणि कोरड्या अन्नाला लहानपणापासून सरावलेला असतो, त्यामुळे तो जास्त टिकतो. नीट सांभाळला तर दहा वर्षंसुद्धा. तेव्हा नातू सतरा वर्षांचा असेल आणि दहावीच्या वर्षातसुद्धा पाणी बदलावंच लागेल, हे त्याच्या आई-वडिलांना आत्ताच सांगा.

नवीन मासा आणल्यावर तो थेट मुख्य टाकीत नको. वेगळ्या साध्या टाकीत चार आठवडे ठेवा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो सागरी इक नावाचा परजीवी असतो. त्यावर तांब्याचं औषध देतात, आणि ते याच वेगळ्या टाकीत द्यायचं, म्हणजे मुख्य टाकीतली कोळंबी वाचते.

प्रश्न : आमच्याकडे वीज वरचेवर जाते आणि गणपतीला आम्ही सगळे दहा दिवस गावी असतो. अशा घरात खाऱ्या पाण्याची टाकी करावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : करता येईल, पण दोन्ही गोष्टींची तयारी पाणी भरण्याआधी करायची.

वीज गेली की पहिला धोका प्राणवायूचा. पाणी हलणं थांबतं आणि पृष्ठभागातून हवा मिसळणंही थांबतं. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा हवेचा पंप स्वस्त असतो, तो कायम लावून ठेवा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त वेव्हमेकर आणि पाणी चढवणारा पंप ठेवा. चिलर आणि दिवे नकोत, बॅटरी तासाभरात संपेल. मोठ्या टाकीचं पाणी लवकर तापत नाही, मोठी टाकी घ्यायचं हे आणखी एक कारण.

दुसरा धोका कमी लोकांना ठाऊक असतो. पंप बंद पडला की टाकीतलं काही पाणी नळ्यांवाटे खाली सम्पमध्ये उतरतं. सम्प काठोकाठ भरलेला असेल, तर ते पाणी जमिनीवर. म्हणून पहिल्याच दिवशी, घरात सगळे असताना, मुद्दाम पंप बंद करा, सम्पमध्ये पाणी किती चढतं ते बघा आणि काठाखाली तेवढी जागा सुटेल अशी मार्करनं रेघ ओढा. चालू पंपावर पाणी त्या रेघेच्या वर कधी भरायचं नाही.

गणपतीसाठी : उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, म्हणजे ऑटो टॉप-ऑफ, दहा दिवसांच्या हिशेबाच्या बिनमिठाच्या पाण्यासह. त्याचा ड्रम फार मोठा ठेवू नका, सेन्सर अडकला तर सगळं पाणी टाकीत जाऊन खारेपणा पडेल. दिवे टायमरवर. जाण्याच्या आठवडाभर आधी पाणी बदला, आदल्या दिवशी नको, म्हणजे काही बिघडलंच तर दुरुस्त करायला आपण घरात असाल. धडधाकट माशांना दिवसाआड खायला मिळालं तरी पुरतं. माशांना सर्वांत मोठा धोका प्रेमळ शेजाऱ्याच्या हातातल्या अन्नाच्या डबीचा असतो. डबी कपाटात ठेवून कुलूप लावा. कागदाच्या पाच पुड्या बांधा, प्रत्येकीत एका वेळचं अन्न, प्रत्येकीवर तारीख. शेजाऱ्यांना फक्त त्या पुड्या आणि आपला फोन नंबर द्या.